आवाजाची वेगळी चूल

३ मार्च, जहाजावरून

प्रिय वहिनी,

पत्राच्या सुरुवातीला जो साष्टांग नमस्कार घालायचा असतो, तो घातला असं समज. जहाज इतकं हलतंय की खरोखर घातला तर परत उठता येणार नाही.

मी मजेत आहे. कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारावर माझ्या हुद्द्याचा कागद चिकटवलाय, 'प्रमुख'. प्रमुखाच्या हाताखाली मात्र कोणी नाही. समुद्राचा तळ मोजणारी यंत्रं दिवसभर आकडे ओकतात आणि मी ते भरून ठेवते. बाहेरच्या जगाशी संबंध म्हणजे अँटेनाला आकाश सापडलं की जाणारी-येणारी ही पत्रं. त्यातही नुसती अक्षरं. फोटोसुद्धा जात नाही, मग आवाजाचं नावच नको.

म्हणून मला ती एक ओळ लागते. पत्राच्या शेवटी 'बाबा म्हणतात' असं लिहून तू त्यांचं बोलणं जसंच्या तसं उतरवतेस ती. "बाबा म्हणतात, पाण्यात पडू नकोस, पडलीस तर जोरात ओरड." घशाच्या ऑपरेशनमध्ये स्वतःचा आवाज गमावलेला माणूस मला ओरडायला सांगतोय, यावर मी इथे एकटीच हसत बसले होते. तुझ्या मागच्या दोन पत्रांत ती ओळ नाही. तुझ्या बहिणीच्या घराचा नवा रंग आहे, दादाची पाठ आहे, दुकानातली गर्दी आहे. बाबा नाहीत.

खरं सांग, रागावलेत का? मी जहाजावर येत नव्हते, त्यांनीच मला ढकललं. "मी काय काचेचं भांडं आहे का?" असं त्या कॉम्प्युटरमधून इतक्या ठणठणीत आवाजात विचारलं की मला माझ्याच प्रोग्रामचा राग आला. ऑपरेशनच्या आधी त्यांना बसवून तासन्तास वाक्यं वाचून घेतली, त्यांच्याच आवाजाचे तुकडे जोडून, ते टाइप करतील ते बोलून दाखवणारा प्रोग्राम केला, तो काय मला घराबाहेर काढायला? आता त्यांना मनातून वाईट वाटत असेल तर तसं म्हणा. पण अबोला नको.

तुझी नणंद

६ मार्च, घरून

प्रिय वन्सं,

राग कसला आणि काय कसलं! तुला ना, उगाच राईचा पर्वत करायची सवय आहे. बाबा वेळेवर जेवतात, वेळेवर झोपतात, पेपर वाचून झाला की घडी न घालता टाकतात. हल्ली जरा कमी बोलतात, एवढंच. जन्मभर बसस्थानकावर माइकसमोर बसून लोकांना गाड्या सांगितल्या, आता गप्प बसावंसं वाटलं तर बसू दे की. तुझा दादा मात्र दुप्पट बोलून भरपाई करतोय. परवा एका बंगल्याच्या नळजोडणीचं काम घेतलंय, तिथल्या मालकिणीला बाथरूमच्या फरश्यांचा रंग ठरवता येत नाही म्हणून आम्हाला रोज जेवताना त्याच रंगांची चर्चा ऐकावी लागते.

आता एक सहज विचारते. आमच्या औषधाच्या दुकानातला बिलाचा कॉम्प्युटर आहे ना, त्यावर काहीतरी अपग्रेड झालं आणि तेव्हापासून बिलाचा प्रोग्राम उघडतच नाही. म्हणतो, पाच नंबरची अमुक लायब्ररी सापडत नाही. मशीनमध्ये सहा नंबरची आहे म्हणे. मला तर लायब्ररी म्हटलं की पुस्तकं आठवतात. काय करायचं? तुला वेळ असेल तरच सांग, घाई नाही. पण लवकर सांगितलंस तर बरं.

तुझी वहिनी

८ मार्च, जहाजावरून

वहिनी,

'जरा कमी बोलतात' म्हणजे काय ते मला कळतं. मीही त्यांचीच मुलगी आहे. त्यांना बोलायचं नसेल तर नसू दे, मीही विचारणार नाही.

तुझ्या दुकानाचं सोपं आहे. आवाज काढायचा, कागद छापायचा, अशी कामं प्रत्येक प्रोग्राम स्वतः करत नाही. ती एका फाइलमध्ये एकदाच लिहून ठेवलेली असतात आणि ज्याला लागेल तो तिच्याकडून करून घेतो. तिलाच लायब्ररी म्हणतात. अपग्रेडमध्ये पाच जाऊन सहा आली असणार. तुमचा बिलवाला येईपर्यंत कामचलाऊ उपाय असा, की सहा नंबरच्या फाइलला पाच नंबरच्या नावाची चिठ्ठी लावून द्यायची. प्रोग्राम नाव बघतो आणि आत शिरतो. कसं करायचं ते खाली लिहिलंय. बिघडून बिघडणार काय, बिलातली एखादी ओळ वाकडी येईल.

मला काम आहे.

नणंद

११ मार्च, घरून

वन्सं,

आधी खाली बस. बसलीस? आता वाच. मधे उठून कॅप्टनकडे जाऊ नकोस.

दुकानातला कॉम्प्युटर ठणठणीत आहे. बंद पडलाय तो बाबांचा आवाज.

तुला कळवायचं नाही अशी बाबांची सक्त ताकीद होती. 'ती पहिल्या बंदराला उतरून पळत येईल' असं पाटीवर लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या त्यांनी. हो, पाटीच. कोपऱ्यावरच्या दुकानातून खडूच्या पेटीसकट आणलीय. तू मनाशी अबोला-बिबोला धरून बसलीस, तेव्हा माझा जीव तुटत होता. पण सासऱ्याची ताकीद मोडू की नणंदेची समजूत काढू? मी आपली दुकानाच्या कॉम्प्युटरचं निमित्त करून मोकळी झाले.

झालं ते असं. बाबांच्या घशाची तपासणी डॉक्टर घरबसल्या करतात ना, कॅमेऱ्यातून, तो प्रोग्राम नवा घ्या असा हॉस्पिटलचा निरोप आला. जुना चालणार नाही म्हणाले. तुझ्या दादानं बसून अपग्रेड केलं. शेवटी मशीननं विचारलं, या या गोष्टी आता कुणालाच लागत नाहीत, काढून टाकू का? तुझ्या दादाला भिंतीत बिनकामाची पाइप दिसली तरी झोप लागत नाही. म्हणाला, टाक काढून. दुसऱ्या दिवशी बाबांनी सकाळी बोलायला घेतलं तर काहीच नाही.

घर कसं झालंय सांगू? बाबा चमच्यानं टेबल वाजवतात, मग आम्ही जातो, मग ते पाटीवर लिहितात, 'पाणी.' मग पुसतात. पाटीवर माणूस मागू शकतो, वन्सं, गप्पा नाही मारू शकत. संध्याकाळी त्यांचे स्थानकावरचे मित्र येतात, तर बाबा डोळे मिटून पडून राहतात. झोपलेत असं आम्ही सांगतो. ते मित्रही वेडे नाहीत.

काल तुझं पत्र आलं आणि तुझ्या दादाला हत्तीचं बळ आलं. मधली सुट्टीही न घेता बसला, जेवायला उठला नाही, तू लिहिलंस तशी चिठ्ठी लावली आणि प्रोग्राम उघडला की! आम्ही दोघं ओरडलोच. बाबा आले, खुर्चीत बसले, वाक्य लिहिलं आणि बटण दाबलं. आतून शेपटीवर पाय पडलेल्या उंदरासारखा आवाज आला, तोही गाडी चुकत असल्यासारखा घाईत. निम्मे शब्द गिळून. दादा टाळ्या वाजवत म्हणाला, चाललं की! आणि देव मला क्षमा करो, मला हसू फुटलं.

बाबांनी पाटी ओढली, लिहिलं, 'हा मी नाही.' आणि खोलीत जाऊन दार लावून घेतलं. तुझा दादा टाळीसाठी उचललेले हात तसेच ठेवून उभा.

तुझी चूक नाही. तू बिलाच्या मशीनसाठी दिलेलं औषध आम्ही बाबांना पाजलं. आमच्या दुकानात कुणी शेजाऱ्याच्या नावावर गोळ्या विचारून सासऱ्याला दिल्या असत्या तर मी त्याचे कान उपटले असते. आता माझे कोण उपटणार? आता खरं खरं सांग, काय करू?

तुझी वहिनी

१२ मार्च, जहाजावरून

वहिनी,

तुझं पत्र वाचून आधी मी पंधरा मिनिटं तुझ्यावर मनातल्या मनात ओरडले. ते झालं. मग बाबा माझ्यावर रागावलेले नाहीत हे डोक्यात शिरलं आणि मी त्या लोखंडी खुर्चीत बसून भोकाड पसरून रडले. स्वयंपाक्यानं येऊन विचारलं, घरी सगळं बरं आहे ना? मी म्हटलं, नाही, पण मला बरं वाटतंय. तो जपून निघून गेला.

आता ती चिठ्ठी आधी काढ. आजच. नाव पाचचं आणि आत सहा, हे बाबांच्या बाबतीत चालायचं नाही. पाच नंबरवालीला आधी बोलण्याचा वेग सांगायचा असतो, मग आवाजाच्या तुकड्याची लांबी. सहा करणाऱ्यांनी तो क्रम उलटा केलाय. माझा प्रोग्राम बिचारा जुन्या सवयीनं सांगत राहतो आणि समोरची वेगाला लांबी समजते. म्हणून उंदीर. प्रोग्राम सरळ बंद राहिलेला बरा, कारण चालू राहून तो खोटं बोलत असतो.

आणि दादाला सांग, त्यानं काही मूर्खपणा केलेला नाही. कुणाला काय लागतं याची नोंद मशीन ठेवतं. माझा प्रोग्राम मी घरचाच म्हणून सरळ आणून ठेवला, त्याची नोंद केलीच नव्हती. त्यामुळे मशीनच्या दृष्टीनं पाच नंबरला खरंच कुणी वाली नव्हता. ती पाइप बिनकामाची दिसत होती, कारण ती कुठे जाते हे भिंतीवर लिहायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नाही.

जुन्या आवृत्त्या जिथे साठवून ठेवतात ते भांडार इंटरनेटवर आहे, पत्ता खाली देते. तिथून पाच नंबरचं पॅकेज उतरवून घ्या. बसवताना मशीन काय म्हणतं ते मला शब्दन् शब्द कळव. जहाज आठवड्यात बंदराला लागतंय. जमलं नाही तर मी उतरते.

नणंद

१४ मार्च, घरून

प्रिय वन्सं,

चिठ्ठी काढली. तू उतरतेस हे बाबांना वाचून दाखवलं. पाटीवर लिहिलं, 'जहाज सोडलंस तर मी बोलणं सोडीन.' मी म्हटलं, बाबा, आता आणखी काय सोडणार? तर खडू फेकून मारला. नेम चुकला. म्हणजे तब्येत चांगली आहे.

पण पॅकेजचं गाडं अडलंय. पाच बसवायला घेतलं की मशीन म्हणतं, दोघी एकाच जागी नांदणार नाहीत, पाच हवी तर सहा काढतो. आणि सहा गेली की डॉक्टरांचा प्रोग्राम गेला. दुसऱ्या कॉम्प्युटरवर आवाज टाकावा म्हटलं तर दुकानात सहा, माझ्या बहिणीकडे सहा, जिथे बघावं तिथे सहाच. डॉक्टरांचा कॅमेरा हॉस्पिटलनं याच मशीनला जोडून दिलाय, तो हलवायचा तर त्यांचा माणूस यावा लागतो, आणि त्याला वेळ नाही.

तपासणी एकोणीस तारखेला आहे. मागच्या वेळी डॉक्टरांना घशाच्या भोकाशी थोडी सूज दिसली होती. पुन्हा बघितल्याशिवाय काही सांगत नाही, असं म्हणाले होते. हेही तुला सांगितलं नव्हतं. घे, आता सगळंच सांगून टाकते. हॉस्पिटलपर्यंत गाडीनं न्यायचं तर बाबांना दम लागतो, ते तू पाहिलंयस.

त्यामुळे काल घरात भांडण झालं. बाबांनी लिहिलं, 'आवाज ठेवा. डॉक्टर काढा.' तुझा दादा म्हणाला, घसाच राहिला नाही तर आवाज घेऊन काय करायचंय? बाबांनी ती ओळ पुसली आणि तीच पुन्हा लिहिली. दादा उठून बाहेर गेला. एकाला माणूस जपायचाय आणि एकाला माणूस म्हणून जगायचंय. मी मधे. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ती हीच बहुतेक.

दोनपैकी एकच असेल तर तसं स्पष्ट सांग. मग मी ठरवीन आणि शिव्याही मीच खाईन.

तुझी वहिनी

१५ मार्च, जहाजावरून

वहिनी,

दोन्ही! दोन्ही राहतील. तुझं पत्र वाचून आधी घाम फुटला, आणि मग मशीनचं ते वाक्य पुन्हा वाचलं तेव्हा जीव भांड्यात पडला.

मशीन म्हणतंय की दोघी *एकाच जागी* नांदणार नाहीत. बरोबर आहे, दोघींचं बारीकसारीक सामान एकाच नावाचं आहे. मग एका जागी नांदवायच्याच कशाला? वेगळी चूल मांडून द्यायची. सहा नंबरवाली राहू दे सगळ्या घराची, तिला हात लावू नका. पाच नंबरवालीचं पॅकेज बसवायचं नाही, नुसतं उघडायचं. आतली ती एक फाइल काढून माझ्या प्रोग्रामच्या फोल्डरमध्ये ठेवायची, एकट्या त्याच्यासाठी.

मग प्रोग्राम सुरू करायची जी ओळ आहे तिच्या आधी खालचा तुकडा जोडायचा. त्याचा अर्थ एवढाच की आधी स्वतःच्या घरात बघ, नाही मिळालं तरच गावात विचार. डॉक्टरांच्या प्रोग्रामला हे कळणारसुद्धा नाही.

घाई करू नका. झाल्यावर आधी डॉक्टरांचा उघडून बघा, मगच बाबांचा. आणि सुजेबद्दल लपवल्याचा हिशेब मी घरी आल्यावर करणार आहे.

नणंद

१७ मार्च, घरून

छोटे,

मी दादा. मशीन काय म्हणतं ते तुझी वहिनी वाचून दाखवतेय आणि मी टाइप करतोय. लग्न झाल्यापासून आमचं इतकं एकमत कधी झालं नव्हतं.

पाच नंबर मिळाली. तर आता प्रोग्राम म्हणतो, पाचला आणखी एक लायब्ररी लागते, ती सापडत नाही. नाव खाली दिलंय. आमच्या धंद्यातही असंच. नळ जुना आणून बसवला की मग कळतं त्याला वायसरही जुनाच लागतो. कुठे मिळेल?

बाबा माझ्याकडे बघत नाहीत. त्या उंदराच्या दिवसापासून. पाटीवर काही लिहायचं असलं तरी तुझ्या वहिनीला दाखवतात. त्यांचं चुकत नाही. कुणाचाही आवाज घालवून वर टाळ्या वाजवल्या तर कोण बघेल? लवकर कळव.

दादा

१७ मार्च, जहाजावरून

दादा,

वायसरही त्याच भांडारात आहे, त्याच वर्षाच्या कप्प्यात. पाचच्या शेजारीच ठेव, दुसरं काही करायचं नाही. मग मशीनला विचारायची ओळ देते, ती चालव. प्रोग्रामला लागणाऱ्या सगळ्यांची नावं येतील. एकासमोरही 'सापडली नाही' असं नसेल तर भिंत बुजवायला हरकत नाही.

बाबांचं मला माहीत नाही, रे. इथून काही दिसत नाही. मी नुसती अँटेनाकडे बघत बसलेय.

छोटी

२० मार्च, घरून

प्रिय वन्सं,

बाबा म्हणतात, "जहाजावर नीट जेव, आणि दादाला अरे-तुरे करते आहेस ते बरोबर नाही."

ऐकलंस? बाबा *म्हणतात*. मी शेजारी बसून त्यांच्या तोंडचं, म्हणजे त्यांच्या यंत्रातलं, उतरवून घेतलंय. आता सावकाश सांगते, कारण मला हे सांगायची फार मजा येतेय.

परवा वायसर बसला. तुझी ती नावांची रांग आली, सगळ्यांसमोर कुठे ना कुठे पत्ता होता, 'सापडली नाही' एकही नाही. तुझ्या दादानं ती बोट ठेवून दोनदा वाचली. आधी डॉक्टरांचा प्रोग्राम उघडला. उघडला. मग तुझा. बाबा जवळ यायला तयार नाहीत, दारातच उभे. पाटीवर लिहिलं, 'आधी तू.' म्हणून मी लिहिलं, एक दोन तीन, आणि डोळे मिटून बटण दाबलं.

वन्सं, बाबांचा आवाज. छातीतून आलेला, सावकाश, 'तीन'वर जरा रेंगाळणारा. मी औषधांच्या दुकानात रोज इतकी माणसं बरी होताना बघते, पण असं ढसाढसा कधी रडले नव्हते. आमच्या दुकानातही एकाच गोळीची कमी ताकदीची आणि जास्त ताकदीची पाकिटं वेगवेगळ्या फळीवर असतात, कुणी दुसरी फेकून देत नाही. एवढी साधी गोष्ट मला त्या कॉम्प्युटरसमोर सुचली नाही, याचाच राग येतोय.

मग बाबा बसले आणि बराच वेळ लिहीत राहिले. आम्हाला वाटलं, आता काहीतरी खायला मागणार. बटण दाबलं आणि तुझ्या दादाकडे बघितलं. म्हणाले, "त्या दिवशी पाटीवर 'हा मी नाही' एवढंच मावलं. पुढचं मला असं म्हणायचं होतं, की तू सकाळपासून उपाशी बसून माझ्यासाठी खटपट करत होतास, ते मी दारातून बघत होतो. मला आवाजाचा राग आला. तुझा नाही. नंतर तुझ्याकडे बघितलं असतं तर रडू आलं असतं, आणि पाटीवर रडणं लिहिता येत नाही." तुझा दादा उठला. मोरीतला नळ गळतोय का बघतो म्हणून गेला. आपल्या घरात एकही नळ गळत नाही, हे तुला माहीत आहे.

काल डॉक्टरांनी बघितलं. सूज उतरलीय. आता एकदम तीन महिन्यांनी, असं म्हणाले. मी तर तिथल्या तिथे खुर्चीत पसरले. डॉक्टर निरोप घ्यायला लागले, पण बाबांनी त्यांना सोडलं नाही. त्यांच्या सर्दीची चौकशी केली, तुझं जहाज सांगितलं, पाच नंबर आणि सहा नंबरची भानगड सांगितली, तीही निम्मी चुकीची. दादा हळूच म्हणाला, बाबा, पुरे आता, त्यांचे पेशंट खोळंबलेत. बाबांनी शांतपणे लिहिलं आणि बटण दाबलं, "अजून बोलायचंय." डॉक्टर हसले आणि मागे रेलून बसले.

आत्ता हे लिहितेय तेव्हा बाहेरच्या खोलीत त्यांचे स्थानकावरचे मित्र आलेत. इतक्या दिवसांचं साठलेलं असणार, पण त्यांच्यातल्या एकालाही मधे तोंड घालता येत नाहीये. तुझा दादा मघाशी डोकावून म्हणाला, दार लोटून घेऊ का, तुला लिहायला त्रास होत असेल. मी म्हटलं, राहू दे उघडं.

तुझी वहिनी